पहिल्या तारखेचं बिल

शिकागोहून धारवाडला पोचून तीनच दिवस झाले होते. पहाटे चारलाच जाग आली. अमेरिकेतून सुट्टीला जाणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे दुखणं ठाऊक आहे. घर झोपलेलं, बायको आणि लेक गाढ, आणि आपण छताकडे बघत पडलेले. बाहेर पाऊस होता. धारवाडचा जुलैचा पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही. तो बारीक पडतो आणि थांबायचं नाव घेत नाही. मालमड्डीतल्या आमच्या घराच्या कौलांवर त्याचा आवाज ऐकत मी साडेपाचपर्यंत काढले आणि मग ओट्यावर येऊन बसलो.

साडेसहाला पेपर आले. एक कन्नड, ‘संयुक्त कर्नाटक’, आणि एक मराठी, बेळगावचा ‘तरुण भारत’. आमच्या घरात दोन्ही पेपर अज्जांच्या काळापासून येतात. (आजोबांना आम्ही अज्जाच म्हणायचो. धारवाडच्या मराठीत निम्मं कन्नड असतंच.) पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत होते तरी कोपरे भिजलेले. अप्पांनी ते चुलीजवळ वाळवायला धरावेत तसे गॅसजवळ धरले आणि आईची बोलणी खाल्ली.

तारीख होती १ जुलै २०२५. कर्नाटकात हा दिवस ‘पत्रिका दिन’ म्हणून पाळतात. आपल्याकडे ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ची आठवण म्हणून पत्रकार दिन असतो, तसाच हा. १८४३ साली याच तारखेला ‘मंगळूर समाचार’ हे कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र निघालं. मी पान उलटलं आणि सवयीने फोन उघडला. फोनवर बातमी होती की अमेरिकन सरकारची परदेशी मदत वाटणारी संस्था, यूएसएड, आजपासून अधिकृतपणे बंद.

एका हातात पत्रिका दिनाचा पेपर आणि दुसऱ्या हातात ही बातमी. योगायोगच. पण माझ्यापुरती ती दूरची बातमी नव्हती, म्हणून हा लेख.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. हुबळीच्या विद्यानगरात बीई केलं, बेंगळूरला चार वर्षं नोकरी केली आणि नंतर तुमच्यासारखाच इकडे आलो. राजकारणाशी माझा संबंध मत देण्यापुरता, आणि इकडे तेही नाही. पण गेली दोन वर्षं मी ज्या प्रोजेक्टवर होतो, त्याचे पैसे अमेरिकन परदेशी मदतीतून येत होते. आमची कंपनी कंत्राटदाराची कंत्राटदार. काम साधं होतं. आशियातल्या एका देशात छोट्या गावांतून बातम्यांच्या वेबसाइट चालवणारे लोक होते. कुठे पाच माणसं, कुठे तीन. त्यांना बातमी लिहायला, तपासायला, फोटो चढवायला आणि साइट बंद पाडायचा कुणी प्रयत्न केला तर ती उभी ठेवायला एक सोपी प्रणाली द्यायची. देशाचं नाव लिहीत नाही, कारण करारात गुप्ततेची अट होती आणि त्या लोकांसाठीही तेच बरं.

त्यातल्या एका साइटच्या संपादकबाई मला थेट मेल करायच्या. त्यांच्या लिपीतली जोडाक्षरं जुन्या फोनवर तुटून दिसत. आपल्या देवनागरीचंही पूर्वी असंच व्हायचं, त्यामुळे मला त्यात विशेष रस होता. बाई एकदा तक्रारीसोबत बातमीही पाठवायच्या. नगरपालिकेने एकाच रस्त्याचं बिल दोनदा काढलं, ही ती बातमी. मी भाषांतर करून वाचली आणि हसलो. म्हटलं, हे तर आमच्या गावचंच आहे.

२० जानेवारी २०२५ ला नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली. आठवडाभरात आम्हाला दोन ओळींचा मेल आला की काम थांबवा. चालू काम पूर्ण करू नका, पुढच्या सूचनेपर्यंत कुणाशी संपर्क करू नका. १० मार्चला परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं की यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाले. त्यात आमचाही होता. मला तीन आठवड्यांनी दुसरं काम मिळालं. टीममधल्या दोघांना नाही मिळालं, त्यातला एक एच-वन-बीवर होता. साठ दिवसांचं गणित तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. जोडाक्षरांचं ते तिकीट मात्र उघडंच राहिलं.

त्या सकाळी ओट्यावर बसून मी हे सगळं अप्पांना सांगितलं. अप्पा बँकेतून निवृत्त झालेले. पैशांची गोष्ट आली की ते आधी खातं विचारतात.

“म्हणजे त्या बाईंचा पेपर अमेरिकेच्या पैशांवर चालत होता काय?”

“बराचसा.”

“मग बंद होणारच की. दुसऱ्याच्या विहिरीवर किती दिवस शेती करशील?”

मला राग आला. पण पाऊस पडत होता, चहा झाला होता आणि सुट्टीचे तिसरेच दिवस होते. म्हणून गप्प बसलो. पुढचे चारपाच दिवस मात्र हा विषय आमच्यात चालूच राहिला. धारवाड-हुबळीत आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे तो आमच्याबरोबर आला.

पहिल्यांदा निघाला तो बासेल मिशनवरून. लेकीला अप्पांची शाळा बघायची होती, म्हणून आम्ही त्या बाजूला गेलो. धारवाडात बासेल मिशन हे नाव रिक्षावाल्यालाही माहीत असतं. स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातून आलेले हे मिशनरी १८३४ मध्ये मंगळूरला उतरले, १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आले. ज्याच्या नावाने पत्रिका दिन होतो तो ‘मंगळूर समाचार’ यांचाच. हर्मन मोगलिंग नावाच्या जर्मन पाद्र्याने तो शिळाछापावर काढला. पंधरा दिवसांनी एकदा निघायचा. पुढच्याच वर्षी तो बळ्ळारीला छापायला नेला, नाव ‘कन्नड समाचार’ केलं आणि मग तो थांबलाही. धारवाडातल्या किट्टेल कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून आहे ते फर्डिनंड किट्टेल याच मिशनचे. त्यांचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश १८९४ मध्ये मंगळूरच्या बासेल मिशन प्रेसने छापला.

म्हणजे कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र परदेशातून आलेल्या वर्गणीवर निघालं. धर्मप्रसार हा त्या पैशांचा हेतू होता, हे लपवण्यासारखं नाही आणि त्यांनीही कधी लपवलं नाही. पण ज्या भाषेला स्वतःचं वर्तमानपत्र नव्हतं तिला ते मिळालं.

मग १९१४ चं महायुद्ध आलं. मिशनचे बरेच लोक जर्मन. ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवलं. काहींना नजरकैद झाली, काहींना परत पाठवलं. ज्यांची मंगळुरी कौलं आमच्या घरावरही आहेत तसे कौलांचे कारखाने आणि विणकामाचे कारखाने मिशनच्या हातून गेले. इथल्या माणसांचा यात काही दोष नव्हता. युरोपात दोन राजे भांडले आणि धारवाडच्या शाळेचा पैसा आटला. शाळा टिकल्या, कारण तोवर त्यात शिकलेले आणि शिकवणारे इथले लोक उभे राहिले होते.

“बघ, मी तेच म्हणत होतो,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, तुम्ही अर्धंच म्हणत होता. पैसा आला नसता तर शाळाच नसती.”

दुसऱ्या दिवशी आम्ही लाइन बाजारात पेढे घेतले. धारवाडला येऊन पेढे न घेता जाणं हा गुन्हा आहे. ते तपकिरी, साखरेत घोळलेले पेढे शिकागोत नेले की आपल्या मंडळाच्या गणपतीत पाच मिनिटांत संपतात. तिथून सुभाष रोडवर आलो. अप्पा म्हणाले, “चल, अट्टावर जाऊ.”

अट्ट म्हणजे माळा. ‘मनोहर ग्रंथमाला’ या प्रकाशनाचं ऑफिस एका माळ्यावर आहे, म्हणून सगळं धारवाड त्याला ‘अट्ट’ म्हणतं. १९३३ मध्ये जी. बी. जोशी यांनी ही संस्था सुरू केली. ते स्वतः ‘जडभरत’ या नावाने नाटकं लिहायचे. पाठीशी द. रा. बेंद्रे आणि त्यांचा मित्रांचा कंपू. बेंद्रे कन्नडचे सर्वांत मोठे कवी, पण त्यांच्या घरची भाषा मराठी, हे आपल्या अंकाच्या वाचकांना सांगायला मला नेहमीच आवडतं. गिरीश कर्नाडांचं पहिलं नाटक ‘ययाति’ १९६१ मध्ये इथूनच आलं आणि पन्नास वर्षांनी आत्मचरित्रही इथूनच.

या संस्थेची खरी गंमत तिच्या हिशेबात आहे. सुरुवातीपासून तिने सभासद केले. सभासदाने वर्षाची वर्गणी आधी भरायची. त्या वर्षात जी पुस्तकं निघतील ती त्याला घरपोच मिळायची. कुठलं पुस्तक येणार हे वाचक ठरवत नाही. कर्नाड तेव्हा तेवीस वर्षांचे, ऑक्सफर्डला शिकणारे, नाव नसलेले लेखक. त्यांच्या पहिल्या नाटकाच्या छपाईत ज्यांचे पैसे गेले त्या सभासदांपैकी बहुतेकांनी त्यांचं नावही ऐकलं नसेल.

अज्जा सभासद होते आणि पुढे अप्पाही. घरी पावत्यांचा एक डबा आहे, त्यात वर्गणीच्या पावत्या, पेपरची बिलं, वाचनालयाची कार्डं असं सगळं एकत्र. मी विचारलं, “काय पुस्तक येणार ते माहीत नसताना पैसे भरायचे?”

“हो.”

“आणि नाही आवडलं तर?”

“नाही आवडलं तर नाही वाचायचं. पण पुढच्या वर्षी परत भरायचे. आवडेल तेच छापा म्हटलं तर ते आपलं दुकान झालं, त्यांचं प्रकाशन कसलं?”

बँकेतल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं आणि मला माझ्या प्रोजेक्टचा सगळा प्रश्न त्यात दिसला. स्वतंत्र बातमी म्हणजे तरी काय? पैसे देणाऱ्याला न आवडणारी बातमीही छापता येणं. मग पैसे देणारा वॉशिंग्टनमध्ये असो, बेंगळूरच्या सचिवालयात असो की शेजारच्या गल्लीत.

हे मी शिकागोत बसून सहज म्हणू शकतो. छोट्या गावात ते किती अवघड आहे हे हुबळीत गेल्यावर कळलं. आम्ही ‘चिगरी’ बसने निघालो. (चिगरी म्हणजे हरीण. बीआरटीएसच्या बसला दिलेलं नाव.) पूर्वी धारवाड-हुबळीचे वीस किलोमीटर म्हणजे घाम निघायचा. आता गार बसमध्ये उणकल तळं कधी गेलं कळतही नाही. कॉलेज दिसलं तेव्हा लेकीला दाखवलं, तिने मान हलवून परत खिडकीतल्या पावसाकडे बघितलं. हुबळीत गिरमिट आणि मिरची भजी खायला एका जुन्या वर्गमित्राला बोलावलं होतं. तो इंजिनिअरिंग सोडून बातमीदार झाला. आमच्या बॅचमधला एकटाच.

हुबळी ही वर्तमानपत्रांची नगरी आहे. स्वातंत्र्यचळवळीत बेळगावात सुरू झालेलं ‘संयुक्त कर्नाटक’ पुढे इथे आलं आणि इथलंच झालं. ते लोकशिक्षण ट्रस्ट चालवतो. रं. रा. दिवाकरांचं ‘कर्मवीर’ साप्ताहिक १९२१ मध्ये धारवाडात निघालं. ट्रकच्या धंद्यातून मोठे झालेले हुबळीचे विजय संकेश्वर यांनी १९९९ मध्ये ‘विजय कर्नाटक’ काढून किमतीची अशी लढाई केली की सगळ्या कन्नड पेपरांचे हिशेब बदलले.

मित्र म्हणाला, “पेपर तू दूध घेतोस त्याहून स्वस्त घेतोस. त्या किमतीत कागदही निघत नाही. उरलेलं जाहिरातीतून येतं. मोठा जाहिरातदार कोण? सरकार, आणि बिल्डर, आणि शाळा-कॉलेजं. आता तूच सांग, मी बातमी कुणाची करू?”

मी त्याला माझ्या प्रोजेक्टबद्दल सांगितलं. त्याने मिरची भजी मोडली आणि म्हणाला, “आमच्याकडे ते झालंच नसतं. कायद्यातच नाही.”

हे खरं आहे, आणि परदेशात राहणाऱ्या आपल्याला ते नीट माहीत असायला हवं. परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, पहिल्यांदा १९७६ मध्ये आणीबाणीत आला. तेव्हापासूनच वर्तमानपत्राचे मालक, संपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार आणि राजकीय पक्ष यांना परदेशी देणगी घेता येत नाही. २०१० च्या नव्या कायद्याने टीव्ही आणि इंटरनेटवर बातम्या देणाऱ्या कंपन्याही त्यात आणल्या. २०२० च्या दुरुस्तीने सामाजिक संस्थांवरही बंधनं वाढली. परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यायला हवा, तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येणार नाही आणि ऑफिसखर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठी संस्था पैसा आणायची आणि तालुक्यातल्या पाच छोट्या संस्थांना वाटायची, ती वाट त्या दिवशी बंद झाली.

म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘भारतातल्या मतदानासाठी अमेरिकेचे २ कोटी १० लाख डॉलर’ ही बातमी आली तेव्हा एवढा गदारोळ झाला. अप्पांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन दिवस दुसरं काही नव्हतं. १६ फेब्रुवारीला अमेरिकन सरकारच्या खर्चकपात विभागाने रद्द केलेल्या खर्चांची यादी टाकली, त्यात ती ओळ होती. पाचच दिवसांत ‘इंडियन एक्स्प्रेस’ने कागद काढून दाखवलं की तो पैसा २०२२ मध्ये बांगलादेशासाठी मंजूर झाला होता. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनीही असा पैसा आल्याचं साफ नाकारलं. पण ग्रुपवर आधीची बातमी शंभर वेळा फिरली आणि नंतरची एकदा, तीही मी टाकली म्हणून.

यात माझ्या लक्षात राहिलं ते हे की ती चूक एका भारतीय वर्तमानपत्राने, भारतीय वाचकांच्या आणि जाहिरातींच्या पैशांवर, एका बातमीदाराला कागद शोधायला बसवून दुरुस्त केली. असं बसवायला पैसे लागतात. ते कुणीतरी देतो.

जगात इतर ठिकाणी हे पैसे कोण देत होतं त्याचा आकडा मोठा आहे. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने यूएसएडच्याच माहितीवरून सांगितलं की २०२३ मध्ये ६,२०० पत्रकार, सरकारी नसलेली ७०७ वृत्तमाध्यमं आणि माध्यमांसाठी काम करणाऱ्या २७९ संस्थांना या मदतीचा हात होता. २०२५ साठी या कामाला अमेरिकन संसदेने सुमारे २६ कोटी ८० लाख डॉलर ठेवले होते. युद्धात जाहिराती आटलेल्या युक्रेनमध्ये दहापैकी नऊ माध्यमं अशा अनुदानांवर चालत होती. मार्चमध्ये ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या तेराशेहून अधिक लोकांना एका दिवसात घरी बसवलं.

आणि आपण मराठी लोक यातून अगदीच कोरडे आहोत असंही नाही. आणीबाणीत अज्जा रात्री रेडिओ उशीजवळ घेऊन बीबीसी हिंदी ऐकायचे, असं अप्पा सांगतात. १९८४ मध्ये इंदिरा गांधी गेल्याची बातमी आमच्या गल्लीत त्याच रेडिओवरून आधी कळली, आकाशवाणीवर संध्याकाळी आली. त्या बीबीसीचा पैसा ब्रिटिश परराष्ट्र खात्याकडून यायचा. २०११ मध्ये त्या खात्याने अनुदान कापलं तेव्हा हिंदी शॉर्टवेव्ह बंद करायचं ठरलं. श्रोत्यांनी ओरड केली म्हणून ते कसंबसं वाचलं आणि ३१ जानेवारी २०२० ला थांबलंच. २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालेली बीबीसी मराठीही ब्रिटिश सरकारने नव्या भाषांसाठी दिलेल्या जादा पैशांतून उभी राहिली. अज्जांनी त्या बीबीसीला एक रुपया दिला नव्हता. दिला असता, पण कुणी मागितला नाही.

शेवटच्या संध्याकाळी साधनकेरीला गेलो. बेंद्र्यांच्या घरासमोरचं तळं पावसाने भरत आलं होतं. छत्रीखाली उभे राहून अप्पांनी मला एक गोष्ट विचारली. “शिकागोत राहतोस, आयडीएस माहीत आहे काय?”

मला माहीत नव्हतं. डेव्हन अव्हेन्यूवर दहा वर्षं भाजी घेतोय, पण माहीत नव्हतं.

१९७४ मध्ये शिकागोतल्या काही भारतीयांनी ‘इंडिया डेव्हलपमेंट सर्व्हिस’ ही संस्था काढली. आपल्या पगारातले थोडे थोडे पैसे काढून भारतातल्या खेड्यांतल्या कामाला द्यायचे, एवढंच. तिच्या संस्थापकांत एस. आर. हिरेमठ होते. १९७९ मध्ये ते अमेरिका सोडून परत आले आणि राणीबेन्नूर तालुक्यातल्या मेडलेरी गावात राहून काम करू लागले. पुढे त्यांनी धारवाडात ‘समाज परिवर्तन समुदाय’ उभा केला. कर्नाटक सरकारने एका कारखान्याशी भागीदारी करून तीस हजार हेक्टर गावकीची जमीन निलगिरीच्या लागवडीसाठी द्यायचं ठरवलं होतं. त्याविरुद्ध १९८६ मध्ये कोटा शिवराम कारंत आणि हा समुदाय सुप्रीम कोर्टात गेला. १४ नोव्हेंबर १९८७ ला तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूर गावात लोकांनी निलगिरीची रोपं उपटली आणि त्या जागी उपयोगाची झाडं लावली. ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे उपटा आणि लावा. १९९१ मध्ये सरकारने ती कंपनीच गुंडाळायचं ठरवलं. याच समुदायाने २००९ मध्ये बळ्ळारीच्या बेकायदा खाणींवर याचिका केली. २०११ मध्ये कोर्टाने तिथलं खाणकाम थांबवलं आणि एप्रिल २०१३ मध्ये सर्वांत वाईट नियमभंग करणाऱ्या ‘क’ वर्गातल्या खाणींचे पट्टे रद्द केले.

“म्हणजे शिकागोचा पैसा धारवाडला आला होता,” मी म्हटलं. “परदेशीच की तो.”

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. “पैसा आला, आणि माणूसही आला. आणि कुसनूरला रोपं उपटायला शिकागोहून कुणी नाही आलं.”

मला वाटतं, आमचा वाद तिथे मिटला नाही, पण जरा सरळ झाला. अप्पांना पैसा कुठून येतो याची चिंता होती आणि मला तो आला नाही तर काय याची. बासेलचा पैसा गेला तेव्हा शाळा टिकल्या, कारण त्या इथल्यांच्या झाल्या होत्या. अट्टाला बाहेरचा दाता लागला नाही, कारण हजारो घरांत पावत्यांचे डबे होते. आमच्या त्या संपादकबाईंकडे मात्र तसे डबे तयार व्हायला वेळच मिळाला नाही. एका मेलने सगळं थांबलं. मदत कधीतरी थांबणारच होती. ती अशी थांबवली, ते चूक होतं. आणि ज्या देशांत स्थानिक पैसा देणाऱ्याला उद्या पोलीस विचारायला येतात, तिथे ‘आपल्या पायावर उभे राहा’ हा सल्ला देणं सोपं आहे, एवढं अप्पांनीही मानलं.

आता आपल्यापुरतं. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत भारतातल्या सामाजिक संस्थेला दिलेली देणगी कायद्याने ‘परदेशी’ धरली जात नाही. तुम्ही अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी असते आणि संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते. देण्याआधी एवढं विचारून घ्या, नाहीतर चांगल्या संस्थेला आपणच अडचणीत आणू. वर्तमानपत्राला परदेशी देणगी देता येत नाही, पण ठरलेली किंमत मोजून अंक विकत घेणं ही देणगी नव्हे, ते ग्राहक होणं आहे. आपल्या गावचा पेपर, आपल्या तालुक्याचं साप्ताहिक, एखादी चांगली वेबसाइट. आपण सगळे ते फुकट वाचतो आणि मग पत्रकारिता विकली गेली म्हणून ग्रुपवर हळहळतो. मीही तेच करत होतो.

परत आल्यावर मी संपादकबाईंना स्वतःच्या पत्त्यावरून मेल केला. उत्तर आठ दिवसांनी आलं. पाचाचे दोघे उरले आहेत. बाजारातले काही दुकानदार महिन्याला थोडे पैसे देतात, त्यावर होस्टिंगचं भाडं निघतं. रस्त्याच्या दुसऱ्या बिलाची चौकशी लागली. जोडाक्षरं अजून तुटतात, पण लोक वाचतात. मी वर्षभराची वर्गणी भरली. फार नाही, डेव्हनवरच्या एका जेवणाएवढी.

आणि हो, १ जुलैच्या सकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. आमचा वाद चालू असतानाच फाटकाची कडी वाजली. पेपर टाकणारा मुलगा रेनकोटमध्ये उभा होता. पहिली तारीख, त्यामुळे जूनचं बिल घेऊन आला होता. अप्पांनी चष्मा लावून बिल वाचलं, दोन दिवस कन्नड पेपर आला नव्हता त्याचे पैसे वजा केले, मुलाने कबूल केलं. मग अप्पांनी पूर्ण पैसे दिले आणि वरचे परत घेतले नाहीत. पावती पुसून वाळवली आणि डब्यात ठेवली.

आत येता येता म्हणाले, “रोज काहीतरी चुकीचं छापतात, मेले.”

आणि पेपर उचलून वाचायला बसले.